मावशींचा उतार

९ जानेवारी

ताई,

तुझा निरोप शेजारच्या काकूंनी फोन करून पोचवला. बिचाऱ्या फार अवघडल्या होत्या. "ती म्हणते, तू तिचे फोन कापतेस, तर आता तूही करू नकोस, ती उचलणार नाही," एवढं एका दमात बोलून त्यांनी लगेच तुमच्याकडे थंडी आहे का ते विचारलं. मी आहे म्हटलं.

म्हणून हे पत्र. ते कापता येत नाही, फार तर फाडशील.

मी फोन कापते हे खरं आहे. पण तू समजतेस त्या कारणानं नाही. कामात असते. माझं काम काय, हे मी तुला कधी धड सांगितलंच नाही, आणि आई तर सगळ्यांना मी जंगल खात्यात मोठी साहेब आहे असं सांगत असते. ताई, मी जंगल वाचवणाऱ्या एका संस्थेसाठी या विभागात देणग्या गोळा करते. जंगलात आमचे संशोधक जातात, राखणदार जातात. मी जाते ती कंपन्यांच्या स्वागतकक्षात. तिथल्या थंडगार सोफ्यावर बसून राहायचं, आत बोलावलं की लॅपटॉप उघडायचा आणि साहेबांचा चहा संपायच्या आत त्यांना जंगलाचा कळवळा आणायचा. गेल्या महिन्यात टाइल्सच्या कारखान्याच्या मालकांनी विचारलं, झाडं आमच्या कंपनीच्या चिन्हाच्या आकारात लावता येतील का, म्हणजे विमानातून दिसतील. मी म्हटलं, विचारून सांगते. हसू नकोस, मी खरंच विचारलं. आमचा संशोधक आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

सध्या मात्र माझ्याकडे एकच काम आहे. शहराच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. त्यांच्या घराखालचा सगळा उतार त्यांच्या मालकीचा आहे आणि त्यावर दाट जंगल आहे. त्याच्या एका अंगाला मोठं रान, दुसऱ्या अंगाला मोठं रान, आणि मधे ही चिंचोळी पट्टी. जनावरं इकडून तिकडे जातात ती यांच्याच जमिनीतून. तिथे उद्या हॉटेल झालं तर दोन्ही रानं तुटतील. बाईंनी ती जमीन आमच्या संस्थेला दान करायचं तोंडी कबूल केलंय. अजून सही केलेली नाही. ती सही होईपर्यंत मी त्यांच्याकडे जात राहायचं, असं आमच्या संचालकांनी ठरवलंय.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे ना? मी येते. रजा मागून ठेवलीय.

छोटी


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, पण पोस्टमन दिसला की जिन्यात रेंगाळते.

आधी आठवड्यातून एकदा जायचे, आता दिवसाआड जाते. बाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मला मॅडम म्हणू नकोस. मॅडम म्हटलं की कुणीतरी काहीतरी विकायला आलंय असं वाटतं."

"मग काय म्हणू?"

"मावशी म्हण. विकायला आलीस तरी चालेल."

तशा फटकळ आहेत. गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. त्यांचे यजमान लाकडाचे मोठे व्यापारी होते. मी एकदा, आमच्या अहवालात छापायला बरं पडेल म्हणून, विचारलं की एवढं सगळं तोडलं तरी हा उतार तुम्ही कसा काय राखलात? मला वाटलं, काहीतरी हळवं सांगतील. त्या म्हणाल्या, "राखला कुणी? तिथवर ट्रक जात नव्हता. रस्ता झाला असता तर तोही गेला असता. हे छापणार असशील तर छाप." मी छापलं नाही.

घर मोठं आहे. बहुतेक खोल्यांवर चादरी टाकून ठेवल्यात. मावशी, एक स्वयंपाकीण आणि एक माळी, एवढीच माणसं. मुलगा परगावी असतो. मी गेले की आधी पेपर वाचून दाखवते, मग आम्ही व्हरांड्यात बसतो. त्या खालच्या झाडांकडे बघतात आणि मी घड्याळाकडे. कधी पायाला तेल लावून देते. कधी नखं कापते. त्यांना वाकता येत नाही आणि स्वयंपाकिणीचा हात थरथरतो. हे माझं काम नाही हे मला कळतं, पण ही नखं कापणं माझं काम नाही असं कुठल्या क्षणी म्हणायचं, ते मला समजलं नाही. पहिल्यांदा नाही म्हटलं नाही, की दुसऱ्यांदा म्हणता येत नाही.

ऑफिसात आता माझ्याकडे बाकी काही ठेवलेलं नाही. टाइल्सवाले, बँकवाले, शाळांचे कार्यक्रम, सगळं दुसऱ्यांना वाटून दिलं. आमची हिशेबनीस बाई थट्टेनं म्हणाली, "तुला संस्थेनं सासरी पाठवलंय." सगळे हसले. मीही हसले.

आईच्या नखांचं काय? विचारायला लाज वाटते, पण विचारते. तिच्या अंगठ्याचं नख आत वाढायचं. अजून वाढतं का?

छोटी


१ मार्च

ताई,

मी आले नाही. तू वाट पाहिली नसशील, पण आईनं पाहिली असेल. काकू म्हणाल्या, डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा तिनं आधी खोलीभर बघून घेतलं.

कारण सांगते. पटणार नाही, तरी सांगते. मी बॅग भरून ठेवली होती. आदल्या दुपारी मावशींना ताप आला. संचालकांचा फोन आला, "अशा वेळी तुम्ही तिथे नसलात तर कसं दिसेल? पोराला कळवतील, पोरगा येईल, आणि आपलं इतक्या महिन्यांचं काम पाण्यात." मी म्हटलं, माझ्या आईचं ऑपरेशन आहे. ते म्हणाले, "ते तुम्हाला तिथे सांगता येणार नाही ना पण."

आता तुला हे सांगायलाच हवं. तू फोन करतेस तेव्हा मी बहुतेक वेळा मावशींच्या घरी असते, आणि त्या घरात माझी आई जिवंत नाही.

असं मी म्हटलेलं नाही. पहिल्या भेटीत संचालक बरोबर होते. मावशी आमच्याकडे संशयानं बघत होत्या, बोलणं पुढे सरकत नव्हतं. तेव्हा संचालक माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही आमची पोर. हिला मागेपुढे कुणी नाही. संस्था हेच हिचं घर." मावशींनी मला पहिल्यांदाच नीट बघितलं. "आई?" त्यांनी विचारलं. मी कपात बघत राहिले. "नाही हो," संचालकच म्हणाले. मावशींनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली.

बाहेर गाडीत बसल्यावर मी म्हटलं, सर, हे काय बोललात? ते म्हणाले, "अहो, बोलण्याच्या ओघात गेलं. पण बघा, काम झालं की नाही?" आणि काम झालं होतं. मला दुसऱ्या दिवशीच बोलावणं आलं.

मी पुढच्या भेटीत दुरुस्त करणार होते. मग म्हटलं, त्याच्या पुढच्या. आता त्या मला विचारतात, "आई कशानं गेली तुझी?" आणि मी म्हणते, "नको तो विषय, मावशी." त्या माझ्या हातावर थोपटतात. आणि नेमका तेव्हा पर्समधे तुझा फोन वाजतो. स्क्रीनवर "ताई". एकदा त्यांनी विचारलं, कोण गं ताई? मी सांगितलं, ऑफिसातली.

तर म्हणून कापत होते.

छोटी


२५ मार्च

ताई,

तू काकूंजवळ म्हणालीस म्हणे, "तिला सांग, आईचं श्राद्ध घालायचं तेवढं राहिलंय." बोललीस ते बरोबरच बोललीस. त्यावर मी काही म्हणणार नाही.

इथलं सांगते. मावशींचा मुलगा येऊन गेला. मला वाटलं होतं, आरडाओरडा करेल. मला गेटपर्यंत सोडायला म्हणून बाहेर आला आणि फाटकाशी उभा राहून शांतपणे बोलला. "आई एकटी असते हे मला कळतं. मला इथे राहता येत नाही. तुम्ही तिला सोबत देता त्याबद्दल मी खरंच आभारी आहे. पण तुम्ही फुकट देत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे."

"जमीन माझ्या नावावर नाही होणार," मी म्हटलं.

"म्हणूनच म्हणतोय. तुम्हाला यातलं काहीच मिळणार नाही. मग तुम्ही का करताय?"

जंगल तुटेल म्हणून, असं मी सांगितलं. ते खरंही आहे, ताई. मी त्या उतारावर संशोधकाबरोबर एकदा गेले होते. ओढ्याच्या चिखलात पावलंच पावलं, लहान-मोठी, एकावर एक, गावच्या बाजारासारखी. मी खाली बसून ती मोजायला लागले होते. पण फाटकाशी उभं राहून तेच वाक्य म्हटलं तर ते आमच्या पत्रकातल्यासारखं वाजलं. त्यानं मान हलवली आणि आत गेला. त्याला जागा हॉटेलवाल्यांना द्यायचीय. लपवत नाही.

छोटी


१९ एप्रिल

ताई,

सही तीनदा ठरली आणि तीनदा मोडली. एकदा पाठ दुखत होती. एकदा वकील आवडला नाही. परवा वकील नवा होता, पाठ बरी होती, कागद टेबलावर मांडलेले होते, तर चष्मा सापडेना. स्वयंपाकिणीनं घर पालथं घातलं. मी मावशींच्या शेजारी बसले होते. त्यांच्या शालीच्या घडीतून चष्म्याची काडी बाहेर आली होती. मला दिसली. मला दिसली हे त्यांनाही दिसलं.

मी बोलले नाही. वकील पुढची तारीख घेऊन गेले.

मग व्हरांड्यात आम्ही दोघीच होतो. त्यांनी चष्मा काढून डोळ्यावर चढवला.

"सही झाली की तू कशाला येशील?"

"येईन की, मावशी."

"सगळे असंच म्हणतात. तू तरी काही वेगळं म्हण."

त्या चिडल्या नव्हत्या. नुसत्या बघत होत्या, झाडांकडे नाही, माझ्याकडे. मला एकदम वाटलं की उठून पळत सुटावं, फाटकाबाहेर, रस्त्यानं, थेट तुझ्या दारापर्यंत. आणि त्याच वेळी हेही वाटलं की यांच्या जागी मी असते, तर मीही चष्मा लपवला असता.

"मला काय पाहिजे ते मी तुमच्या साहेबांना सांगितलंय," त्या म्हणाल्या. "त्यांनी हो म्हटलंय. आता बघू."

काय पाहिजे, ते मी विचारलं नाही. संचालकांना विचारलं, तर ते म्हणाले, "किरकोळ आहे हो. वकिलांचं वकील बघतील."

त्या घरात माझ्यासाठी एक खोली उघडलीय. चादरी काढून, खिडक्या पुसून. "उशीर झाला तर राहत जा," मावशी म्हणतात. खोली छान आहे, माझ्या भाड्याच्या खोलीपेक्षा कितीतरी मोठी. स्वयंपाकिणीनं माझ्या मापाची हवाई चप्पलसुद्धा आणून ठेवलीय. मी ती पलंगाखाली सरकवून दिली.

सुटीचं विचारलं तर ऑफिसातून एकच उत्तर, "एवढं होऊन जाऊ दे." दुसरी नोकरी शोधायला गेले तर माझ्या हातात दाखवायला काय आहे? वर्षभरात एकही देणगी आणलेली नाही. एका म्हातारीचा पेपर वाचला.

आईला सांग. नको, काही सांगू नकोस.

छोटी


७ मे

ताई,

काकूंचा फोन आला. आई मोरीत पडली, मांडीचं हाड मोडलं, गुरुवारी ऑपरेशन. त्या म्हणाल्या, तुझी ताई म्हणते, ये किंवा येऊ नकोस, पण एकदाचं काय ते कळव.

गुरुवारीच सही आहे. या वेळी नोंदणीचा अधिकारी स्वतः मावशींच्या घरी येणार आहे. त्याची तारीख मिळायला संचालकांनी कुणाकुणाचे पाय धरले, तेच जाणे. मुलगा शनिवारी हॉटेलवाल्यांना घेऊन येतोय. म्हणजे गुरुवार नाही तर कधीच नाही.

मी असं ठरवलंय. सही सकाळी आहे. ती झाली की मी दुपारची बस धरते. आईला शुद्ध येईपर्यंत मी तिच्याजवळ असेन. दोन्ही जमेल.

हे लिहिल्यावर वाचून बघितलं. जानेवारीत "मी येते" म्हटलं होतं तेव्हासारखंच वाजतंय. पण या वेळी खरंच बसचं तिकीट काढलंय.

हे पत्र तुला गुरुवारनंतरच मिळेल. तरी टाकते.

छोटी


गुरुवार, बसमधून

ताई,

अक्षर हलेल, रस्ता वाईट आहे. हे मी टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. तोंडानं सांगायला गेले तर मधेच रडेन आणि तू म्हणशील, आता कशाला.

सकाळी मावशींच्या जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. अधिकारी, वकील, नवा कोट घातलेले संचालक, आणि फोटो काढायला त्यांनी आणलेला एक माणूस. मावशी इस्त्रीच्या कपड्यांत, चष्मा लावून, ताठ. मी त्यांच्या उजव्या हाताला. काकूंचा संदेश तेवढ्यात आला होता: "आत नेलं." मी फोन पर्समधे टाकला.

मावशींनी पेन हातात घेतलं आणि वकिलांना विचारलं, "ते लिहिलंय ना?"

"लिहिलंय."

"वाचा. हिला ऐकू दे."

वकिलांनी वाचलं. वकिली भाषा मला सगळी आठवत नाही, पण मतलब असा की संस्थेची विभागीय निधी समन्वयक, म्हणजे मी, देणगीदार बाई हयात असेपर्यंत याच घरात राहील आणि त्यांची देखभाल करेल. तसं झालं नाही तर दान रद्द.

मी संचालकांकडे बघितलं. ते कोटाचं बटण बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मी बोलणारच होतो तुमच्याशी. नुसती औपचारिकता आहे. पगार चालू राहील."

ताई, मला राग आला असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. मला फक्त समजलं की हे आज झालेलं नाही. दार केव्हाच लागलं होतं, आज फक्त कडी घातल्याचा आवाज आला. कागदावर त्या अटीखाली संस्थेतर्फे सही मलाच करायची होती. पेन माझ्यासमोरही ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, "मावशी, माझी आई आहे."

त्यांना वाटलं, कुणी आलंय. त्यांनी दाराकडे बघितलं.

"कुठे आहे?"

"जिवंत आहे. आमच्या गावी. आत्ता तिचं ऑपरेशन चाललंय, मांडीचं हाड मोडलंय."

संचालक पुढे झाले. "अहो, ती जरा गोंधळलीय, ताणामुळे—"

"तुम्ही गप्प बसा," मावशी म्हणाल्या. आवाज चढवला नाही. अधिकाऱ्यानं शिक्का हातात धरला होता, तो त्यानं हळूच खाली ठेवला.

"वय काय आईचं?"

"तुमच्याहून थोडी लहान."

"तिच्याजवळ कोण आहे?"

"माझी ताई."

"दुसरं कुणी?"

"नाही. ताईच बघते सगळं. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाही तीच होती."

"केव्हा झालं ते?"

"फेब्रुवारीत. तुम्हाला ताप आला होता तेव्हा."

फोटोवाल्यानं उगाच कॅमेऱ्याचं झाकण उघडलं, लावलं. मग मावशींनी पेनला टोपण घातलं.

"सगळे जा," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे न बघता, "तू आधी जा."

ते रागानं म्हणाल्या की कसं, हे मला अजून कळत नाही. मी पर्स उचलली. स्वयंपाकीण दारात उभी होती, तिनं वाट दिली. फाटकापर्यंत संचालक मागे आले. "दोन मिनिटं थांबला असतात," ते म्हणाले, "फक्त दोन मिनिटं. सही झाल्यावर सांगितलं असतंत." ते ओरडत नव्हते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी त्या उतारासाठी चार वर्षं घालवलीत, हेही खरं आहे, ताई. ते वाईट माणूस नाहीत. तसे असते तर मी केव्हाच सुटले असते.

आता घाट लागलाय. पुढचं लिहिता येणार नाही.


१२ जुलै

ताई,

हे तुझ्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. शाळेच्या ऑफिसात मधल्या सुटीत वाच.

आपण दोघी दोन महिने एका घरात राहतोय आणि आईमार्फत बोलतोय. "तिला सांग, दूध उतू जातंय." "तिला सांग, मला दिसतंय." आई परवा म्हणाली, "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" तू हसू दाबलंस ते मी पाहिलं. तू हे घर, ही नोकरी आणि आई एकटीनं इतकी वर्षं ओढलीस, आणि मी दुपारी आईला काठीवर चालवते एवढ्यानं तू विसरावंस असं मी म्हणत नाही. पण काही गोष्टी आईमार्फत सांगता येत नाहीत.

मी राजीनामा पाठवला तेव्हा हिशेबनीस बाईनं कळवलं की माझ्या टेबलावर आधीच दुसरं कुणीतरी बसतंय. तेवढं बरंच झालं. मला वाटलं होतं, उतार गेला. शनिवारी हॉटेलवाले आले असतील, आणि माझ्या एका वाक्यापायी जनावरांची ती वाट कायमची बंद झाली असेल. कित्येक दिवस मी ओढ्यातला तो चिखलच डोळ्यांसमोर आणत होते. तू समजत होतीस मी नोकरी गेली म्हणून तोंड पाडून बसलेय.

मग गेल्या महिन्यात, तू कामावर असताना, मावशींचा फोन आला. मी घाबरून उचलला. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला दे."

"कशाला, मावशी?"

"आहे का नाही ते बघायचंय."

मी आईच्या कानाला फोन लावला. आईला ऐकू कमी येतं, तुला माहीतच आहे, म्हणून तिकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं. आई म्हणाली, "कोण? जंगल खात्यातून?" मावशी म्हणाल्या, "तुमची मुलगी माझ्याकडे पेपर वाचायला यायची." आई म्हणाली, "घरी तर कधी वाचला नाही तिनं." मावशी हसल्या. मी त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं. मग दोघी गुडघ्यांवर बोलल्या, हाडांवर बोलल्या, मुलांवर बोलल्या. शेवटी मावशींनी विचारलं, "मोठी कशी आहे तुमची?" आई म्हणाली, "ती नसती तर मी नसते." हे तुला आई कधी सांगणार नाही, म्हणून मी सांगतेय.

फोन परत माझ्याकडे आला तेव्हा मावशी म्हणाल्या, "सही केली मी." मुलाच्या गाडीतून स्वतः नोंदणी कार्यालयात गेल्या, जिना चढल्या. खालचा ओढ्याकडचा उतार संस्थेला. घर आणि वरची सपाट जागा मुलाला, त्याला तिथे हॉटेल काढायचं तर काढू दे. आमच्या संशोधकाला विचारून घेतलं होतं त्यांनी. वाट जाते ती खालूनच. माझी तिथे राहण्याची अट काढून टाकली. त्याऐवजी एवढंच घातलं की कुणाच्या नावाची पाटी लावायची नाही आणि फोटोसाठी तिथे कुणाला न्यायचं नाही. संचालक त्यावर नाराज आहेत म्हणे.

"आता तुला यायचं कारण राहिलं नाही," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मला मोकळं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण तेव्हापासून संध्याकाळी आईला खुर्चीत बसवते तेव्हा माझ्या मनात येतं की त्या व्हरांड्यात आता पेपर घडीसकट पडून असेल. मी त्यांच्याशी खोटं वागले, त्यांनी मला बांधून घालायला बघितलं, आणि तरी मला त्यांची आठवण येते. हे मी कुणाला सांगू? तुला सांगतेय. तुला राग येणार हे धरूनच सांगतेय.

रविवारी तू घरी असतेस. सकाळच्या बसनं मावशींकडे जाऊन रात्रीच्या बसनं मी परत येईन. काही मागायला जायचं नाही, काही आणायचं नाही. त्यांनी दार उघडलं नाही तर फाटकावरूनच परत येईन.

तू नको म्हणालीस तर जाणार नाही, आणि धुसफूसही करणार नाही. इतकी वर्षं मी न विचारता लांब राहिले. आता मला विचारून जायचंय. फक्त हे एक उत्तर आईमार्फत देऊ नकोस.

छोटी